पेणला चालतं, रोह्याला चालत नाही

पेणहून रोह्याला गणपती कसा न्यायचा, हे पेणमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टेम्पोच्या तळाला पेंढ्याची गादी घालायची, मूर्तीच्या मागेपुढे पेंढा कोंबायचा, सोंडेखाली हलक्या हाताने एक गुंडाळी सरकवायची आणि चालकाला 'वडखळपर्यंत हळू, वडखळनंतर आणखी हळू' असं बजावायचं. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून पेण ते नागोठणे हा टप्पा मूर्तीच्या मजबुतीची चाचणी घेण्यासाठीच राखून ठेवलाय, असं आमच्याकडे मानतात. त्या चाचणीतून पार पडलेला गणपती रोह्यात उतरतो, तेव्हा चालकाच्या मणक्याचं काय झालं असेल ते असो, मूर्तीच्या कानाचा टवकाही उडालेला नसतो.

पेणमध्ये तयार झालेला संगणकाचा प्रोग्राम रोह्याला कसा न्यायचा, हे मात्र पेणमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं तर प्रोग्रामला वजन नाही, सोंड नाही, खड्ड्यांची भीती नाही. पेनड्राइव्हमध्ये घालून शर्टाच्या खिशात ठेवला, की दिव्याहून येणाऱ्या गाडीने कासू, नागोठणे, निडी करत तो सुखरूप रोह्याला पोचतो. आणि पोचल्यावर चालत नाही.

प्रोग्राम लिहिला होता आमच्या पुतण्याने. थोरल्या बंधूंचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. तिथल्या बुकिंगच्या वहीत 'लालबागसारखा, पण घरात मावेल असा', 'गेल्या वर्षीचाच, फक्त हसरा', 'डोळे मोठे, पण फार मोठे नकोत' अशा नोंदी असतात. यातला कुणाचा गणपती कोणता, हे फक्त वहिनींना कळतं. त्या माहेरी गेल्या, की कारखाना नुसताच मूर्ती घडवतो, विकत नाही. पुतण्याने पायथनमध्ये सगळी वही उतरवली: उंची किती, बैठक कशी, सोंड डावी की उजवी, पितांबराचा रंग कोणता, माती शाडूची की पीओपी, आगाऊ किती, बाकी किती. शेवटी मराठीत छापील पावती. वहिनींना प्रोग्राम अजिबात आवडला नाही, त्यावरून तो उपयोगाचा असणार हे आम्ही ओळखलं.

रोह्याला आमची आक्का, म्हणजे पुतण्याची आत्या, मोसमात पेणच्या मूर्ती विकते आणि एरवी पेणचेच पापड आणि लोणची. हिशेबात रोहेकरांना कुणी कमी लेखू नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या घरच्यांचं गाव रोहा. ते १९४३ साली त्या खुर्चीत बसले, आणि उरलेल्या रोह्याला तेव्हापासून वाटतं की आपला नंबर थोडक्यात हुकला. आक्काच्या दुकानात एक म्हातारा संगणक होता. त्यातलं विंडोज निवर्तल्यावर पुतण्याने त्यावर लिनक्स बसवून दिलं होतं. आता त्यावर बुकिंगचा प्रोग्राम चालवायचा होता. पुतण्याने फाइल तिथे उतरवून दिली, पेणला परतला, आणि फोन आला.

"आत्या, स्क्रीनवर काय आलंय ते वाच."

"इंग्रजी आलंय."

"वाच ना."

"नो... मॉड्यूल... अरे, हा 'नाही' म्हणतोय. मॉड्यूल नाही म्हणतोय. तू दिलं नाहीस का?"

"ते तुझ्याकडे असायला हवं होतं."

"मला कधी सांगितलंस?"

लिनक्ससाठी पॅकेज बांधण्याचं सगळं शास्त्र या शेवटच्या प्रश्नात आहे. 

कोणताही प्रोग्राम एकटा नसतो. तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या लायब्रऱ्यांवर टेकलेला असतो, त्या लायब्रऱ्या आणखी कुणाच्या तरी खांद्यावर असतात. लिहिणाऱ्याच्या संगणकावर हा सगळा गोतावळा कधी कुठल्या निमित्ताने जमला, ते त्याचं त्यालाही आठवत नाही. तो आपला समजतो, की प्रोग्राम चालतो तो आपल्या हुशारीने. पॅकेज म्हणजे प्रोग्राम, आणि त्यासोबत एक लेखी जबानी: हा कुणाकुणावर टेकला आहे, याची कोणती फाइल कुठे ठेवायची, आणि काही बिघडलं तर कुणाला शोधायचं.

लिनक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत ही जबानी नव्हती. मूळ संहितेचं गाठोडं मिळायचं. ते सोडून 'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल' असे तीन मंत्र म्हणायचे आणि डोळे मिटायचे. फायली कुठे कुठे पसरल्या, हे कळायला मार्ग नसे, आणि प्रोग्राम काढून टाकायचा तर चौथा मंत्र बहुधा लेखकाने लिहिलेलाच नसे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने 'डेबियन' या लिनक्स वितरणाची घोषणा केली. त्या नावात त्याने मैत्रीण डेब्राचं नाव आधी आणि आपलं मागून जोडलं. याच परंपरेतून 'डेब' पॅकेज आलं, आणि १९९५ मध्ये रेड हॅटने 'आरपीएम' आणलं. लिनक्सच्या जगातली ही दोन मोठी घराणी. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत, आणि त्यांतली बहुतेक पदरमोड करून फावल्या वेळात बांधणाऱ्या माणसांनी सांभाळलेली आहेत. डेब फाइल उघडून पाहिली, तर आत तीनच वस्तू निघतात: एक इवलीशी फाइल, जिच्यात '२.०' एवढंच लिहिलेलं असतं. एक गठ्ठा कागदपत्रांचा. आणि एक गठ्ठा खऱ्या मालाचा.

कारखान्यात या विषयावर मूलभूत चिंतन केलेला एकच माणूस आहे, तो म्हणजे पेंढा भरणारे बाबा. मूर्तिकार मूर्ती घडवतात, आखणीवाले डोळे आखतात आणि भाव खातात. बाबा कोपऱ्यात बसून पेंढा निवडतात. त्यांना मूर्ती दाखवली, की ते तिच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, बोटांकडे बघतात. "सोंड नाय मोडत," ते सांगतात, "सोंडेला सगलेच जपतात. बोट मोडतं." कुठे पेंढा भरायचा यापेक्षा कुठे भरलेला पुरत नाही, हे त्यांना कळतं. मूर्ती घडवणाऱ्याचं नाव होतं. ती न मोडता पोचली, तर पेंढा भरणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही; मोडली, तर मात्र फक्त त्याचंच घेतात. पॅकेज बांधणाऱ्याची नेमकी हीच गत असते. पण मराठी माणसाला घडवणाऱ्याचं कौतुक फार. आपल्या घरात कवी निपजला तर आपण सोसतो; पण 'मुलगा दुसऱ्याने लिहिलेल्या वस्तू नीट पोचवतो' असं सांगायला बापाची जीभ रेटत नाही. बंधूंचीही रेटली नाही. ते गिऱ्हाइकांना 'आमचा संगणकात आहे' एवढंच सांगायचे.

पुतण्या शिकायला बसला आणि पहिल्याच पायरीला अडला. नाव! प्रोग्रामचं नाव त्याने मोठ्या भक्तिभावाने '॥ श्री गणेशकृपा बुकिंग ॥' असं ठेवलं होतं. डेबियनच्या नियमात पॅकेजच्या नावाला फक्त लहान लिपीतली रोमन अक्षरं, आकडे आणि अधिक, उणे, टिंब एवढंच चालतं. देवनागरी नाही, मोठं अक्षर नाही, दंड नाही, शब्दांमध्ये मोकळी जागाही नाही. गणपतीचं काम आणि आधी श्री नाही, हे कळल्यावर वहिनींनी 'मग चालायचं कसं?' असं विचारलं आणि वही पुन्हा बाहेर काढली.

नाव उरकल्यावर एक आज्ञा दिली, की संगणक 'डेबियन' नावाची एक पिशवी तयार करून देतो. तीत भरायचे नमुना अर्ज असतात. त्यांतले आपल्याला लागू नसलेले शोधून फेकून द्यायचे, हेच पहिलं काम. पुतण्या हवालदिल होऊन ओट्यावर बसला होता, तेव्हा शेजारचे अण्णा आले.

अण्णा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात. अण्णांना कागद दिसेनासे झाल्यापासून कुठेच जावंसं वाटत नव्हतं. त्यांनी स्क्रीनवर वाकून पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं, आणि माझी खात्री आहे, त्यांचा रंग उजळला.

"हा चेंजलॉग काय प्रकार आहे?"

"प्रत्येक बदल कोणी, कधी, का केला, ते लिहायचं, अण्णा. नवीन नोंद वर. जुनी खोडायची नाही."

"खोडायची नाही?"

"नाही."

"खुर्ची आण," अण्णा म्हणाले.

त्या चेंजलॉगची शिस्त मी स्वतः पाहिली आहे. बदलाच्या ओळीआधी दोन जागा मोकळ्या, मग तारा. सहीच्या ओळीआधी एक जागा, मग दोन आडव्या रेघा, नाव, ईमेल, मग बरोबर दोन जागा सोडून तारीख, वेळ, आणि ग्रीनिच वेळेशी फरक अधिक ०५३०. एक जागा इकडची तिकडे झाली, तरी यंत्र तक्रार करतं. पुतण्याला हा छळ वाटत होता. अण्णा मात्र दोन बोटांनी टंकत, प्रत्येक मोकळी जागा मोठ्याने मोजत, "एक... दोन..." असे तल्लीन झाले होते. फक्त एका जागी ते थबकले. प्रत्येक नोंदीत हा माल डेबियनच्या कोणत्या शाखेसाठी आहे ते लिहितात, आणि नवं पॅकेज रिवाजाने 'अनस्टेबल' शाखेत जातं.

"म्हणजे सरकारी कागदावर आपणच लिहून द्यायचं, की हे अस्थिर आहे?"

"हो."

"आमच्या खात्यात हे एवढं स्पष्ट कधीच लिहिलं नाही," अण्णा म्हणाले.

मग 'रूल्स' नावाची फाइल आली. नियम म्हटल्यावर अण्णा सावरून बसले. आत निघाल्या तीन ओळी. पूर्वी ही फाइल लांबलचक असायची. २००८ पासून 'डेबहेल्पर' या मदतनीस साधनाने बहुतेक कामं स्वतःकडे घेतली आणि नियमांचं काम तीन ओळींवर आलं. त्यातली तिसरी टॅबने सुरू व्हायला हवी. तिथे साध्या मोकळ्या जागा टाकल्या, तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्र पुढे सरकत नाही. "नियम थोडे आणि अंमल कडक," अण्णा उसासून म्हणाले. त्यांच्या नोकरीत याच्या उलट होतं.

खरी लढाई 'कॉपीराइट' या फाइलीवर झाली. पॅकेजमधली प्रत्येक फाइल कुणाच्या मालकीची आणि कोणत्या परवान्याखाली, ते तिथे मांडून द्यावं लागतं. अण्णा एकेक फाइल उघडायला सांगू लागले.

"हे पहिल्या पानावरचं गणपतीचं चित्र कुठून घेतलं?"

"नेटवरून."

"कुणाचं आहे?"

"गणपतीचं."

"गणपती सगळ्यांचा. चित्र कुणाचं?"

चित्र कुणाचं ते कळेना, म्हणून ते काढलं आणि कारखान्यातल्या आखणीवाल्याकडून नवं काढून घेतलं. अण्णांनी त्याच्याकडे परवाना मागितला. 'गणपतीच्या चित्राला कसली परवानगी?' म्हणून तो रागावला. शेवटी 'कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं' एवढ्या मजकुराखाली त्याने सही केली, तीही डोळ्यांसारखी लांब, टोकदार आणि एका दमात.

कागद पुरे झाल्यावर पॅकेज लिंटियनपुढे उभं राहिलं. लिंटियन हा तपासनीस प्रोग्राम १९९८ पासून डेबियनच्या दारात बसून आहे. तो चूक, इशारा, माहिती अशा प्रतवाऱ्या लावून दोष काढतो, आणि सगळ्यांत खालची प्रतवारी तर अधिकृतपणे 'काटेकोरपणा' अशीच आहे. म्हणजे दोष नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याने सांगितलं: एका ओळीचं वर्णन 'अ' किंवा 'द' या उपपदाने सुरू करू नका. वर्णनाची ओळ फार लांब आहे. प्रोग्राम आहे, पण त्याचं माहितीपत्रक नाही. पुतण्या चिडला, "चालतंय ना!" म्हणाला. रोह्याच्या आत्याने फोनवर ऐकून विचारलं, "कुठे चालतंय?"

प्रश्न रास्त होता. कारण पुढची परीक्षा कोऱ्या घराची. पॅकेज बांधणारे आपल्या रोजच्या संगणकावर बांधत नाहीत. 'एसबिल्ड' किंवा 'पीबिल्डर' अशा साधनाने संगणकाच्या पोटात दुसरी कोरी डेबियन उभी करतात. तिच्यात अगदी पायापुरतं सामान असतं आणि त्याशिवाय तुम्ही जबानीत लिहिलं असेल तेवढंच आणून देतात. इथे पुतण्याचा प्रोग्राम धडाधड कोसळू लागला. पावती छापणारी लायब्ररी लिहायची राहिली होती, तारखेची राहिली होती. एक फाइल तर प्रोग्राम पुतण्याच्या डेस्कटॉपवरच्या 'नवीन' या फोल्डरातल्या 'नवीन दोन' मधल्या 'शेवटचं खरंच' या फोल्डरात शोधत होता. डेबियनच्या रीतीने प्रोग्रामची जागा ठरलेली, सेटिंगची ठरलेली, रोज बदलणाऱ्या नोंदींची तिसरी. 'शेवटचं खरंच' नावाची जागा त्या रीतीत कुठेच नाही.

टेकलेलं नातं नीट सांभाळलं नाही तर काय होतं, याचं जगाने एकदा मोठं दर्शन घेतलं आहे. २०१६ च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्टच्या भांडारातून एका लेखकाने भांडणाच्या रागात 'लेफ्ट-पॅड' नावाचं आपलं ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं. काम काय, तर मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरणं. त्यावर टेकलेल्यांवर टेकलेल्यांवर टेकलेले हजारो प्रकल्प एका दिवसात कोलमडले. अण्णांनी हे ऐकलं आणि चेंजलॉगमधल्या आपल्या दोन मोकळ्या जागांकडे नव्या आदराने पाहिलं.

लायब्रऱ्या लिहून झाल्या, पॅकेज कोऱ्या घरात उभं राहिलं, रोह्याला गेलं, बसलं, आणि पावती निघाली. पावतीवर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी चौकोन, चौकोन, चौकोन. मूर्तीच्या वर्णनात चौकोन. रक्कम तेवढी इंग्रजी आकड्यांत स्वच्छ. आक्काने ती गिऱ्हाइकाला दिली. तो बराच वेळ बघून म्हणाला, "पैसे बरोबर आहेत, पण हे मी आहे का?"

आक्काच्या संगणकात देवनागरी फॉन्टच नव्हता. आणि इथे या गोष्टीत पुणं येतं. लिनक्सवर मराठी अक्षरं दिसावीत म्हणून 'लोहित' ही फॉन्टमाला अनेक वर्षं राबते आहे. तिची मूळ अक्षरं श्री-लिपीवाल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवली. २००४ साली रेड हॅटने ती मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुली केली आणि २०११ मध्ये तिला फॉन्टसाठी जास्त सोयीचा ओपन फॉन्ट परवाना मिळाला. यात एक बारीक काम आहे. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीहून वेगळी. आपण शाळेत गिरवलेला 'ल' संगणकात दिसत नाही, म्हणून चडफडणारे आपण पुष्कळ. पण ती वळणं मराठीसाठी म्हणून फॉन्टमध्ये घालणारी, त्याचं वेगळं पॅकेज करणारी आणि ते आवृत्तीमागून आवृत्ती सांभाळणारी माणसं मोजकी. त्यांनी 'ल' घडवला, एवढ्यावर काम संपलं असतं, तर तो 'ल' पुण्यातच राहिला असता. कुणीतरी त्याभोवती पेंढा भरला म्हणून तो डेबियन, फेडोरा अशी वितरणं करत, कुणाला न कळता, रोह्याच्या पापडाच्या दुकानापर्यंत येऊ शकतो. त्यासाठी पुतण्याला जबानीच्या 'कंट्रोल' या फाइलीत फक्त एक शब्द वाढवावा लागला.

ही कंट्रोल फाइल वाचण्यासारखी असते. नात्यांचे इतके प्रकार मी कुठल्या लग्नपत्रिकेतही पाहिले नाहीत. 'डिपेंड्स' म्हणजे याच्याशिवाय पान हलणार नाही. 'रेकमेंड्स' म्हणजे आला तर बरं. 'सजेस्ट्स' म्हणजे आपलं बोलवायचं म्हणून बोलवायचं. 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणजे दोघं एका घरात नांदणार नाहीत. आणि 'रिप्लेसेस' म्हणजे नवीन आला, जुन्याची भांडी त्याला द्या. आक्काचं एवढंच म्हणणं पडलं, की हे सगळं आपल्याकडे तोंडीच असतं म्हणून तर भांडणं होतात.

तिच्या संगणकाचं आणखी एक दुखणं म्हणजे तो ३२ बिटांचा. डेबियन १३ मध्ये अशा यंत्रांसाठी बसवायची सोयच उरलेली नाही, म्हणून तो १२ वरच थांबला आहे. पण पायथनच्या पॅकेजला यंत्राचं वय विचारलं जात नाही. 'आर्किटेक्चर' या रकान्यात 'ऑल' लिहिलं, की ते म्हाताऱ्यालाही चालतं. अण्णांनी तो 'ऑल' स्वतः टंकला. सरकारी अर्जात 'सर्वांना पात्र' लिहायची संधी त्यांना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती.

सगळं झाल्यावर अण्णांनी विचारलं, "सही कुणाची?" पुतण्या म्हणाला, घरच्या घरी सही कशाला? तेव्हा मलाच मध्ये पडून एक्सझेड प्रकरण सांगावं लागलं. हे फाइली दाबून लहान करणारं साधं, सगळीकडे असणारं साधन. त्याच्या एकट्या, थकलेल्या सांभाळणाऱ्याला 'जिया तान' असं नाव सांगणारा कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून मदत करत राहिला, विश्वास कमावला, कारभारात शिरला आणि वाटपाच्या गाठोड्यात चोरदरवाजा ठेवून दिला. तो दरवाजा हुशार इतका, की आपल्याला डेब किंवा आरपीएम पॅकेज म्हणून बांधतायत का, हे तो आधी बघायचा आणि तसं असेल तरच उघडायचा. चोराला पक्कं ठाऊक होतं, की घडवणाऱ्याच्या घरी चोरी करून फायदा नाही. माल बांधला जातो तिथेच घुसावं. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हे उघड केलं. कशावरून? तर दूरच्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खुपलं. अर्धा सेकंद! आमच्या तहसील कचेरीत कुणाला अर्धा दिवस खुपत नाही. (हे मी अण्णांसमोर बोललो नाही.)

म्हणूनच डेबियनमध्ये नवख्याचं पॅकेज अनुभवी माणूस तपासून आपल्या सहीने वर चढवतो. आणि सहीची डिजिटल किल्ली खरी मानण्याआधी, रिवाज असा, की माणसं प्रत्यक्ष भेटून एकमेकांची ओळखपत्रं बघतात. डेबियनची जागतिक परिषद २०२३ च्या सप्टेंबरात भारतात पहिल्यांदा झाली, कोचीला. तिथेही हा किल्ल्यांचा कार्यक्रम असतोच. संगणकातली एवढी मोठी माणसं शेवटी समोरासमोर बसून फोटो आणि तोंड ताडून बघतात, हे ऐकून अण्णांचा आधुनिक जगावरचा विश्वास परत आला.

अखेर डेब फाइल रोह्याला गेली. आक्काने एक आज्ञा टंकली. लायब्रऱ्या आल्या, फॉन्ट आला, सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं आणि पावती निघाली. 'ल' आपल्या वळणाचा, 'श' आपल्या वळणाचा.

"झालं?" आक्काने विचारलं.

"झालं, आत्या."

"एवढंसंच होतं, तर इतके दिवस काय करत होतास?"

पुतण्याचा चेहरा पडला. पण पेंढा भरणाऱ्या बाबांना हे कळलं, तेव्हा ते पहिल्यांदा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गिऱ्हाईक इचारतंय, म्हंजे मोडलं नाय." कारखान्यात यापेक्षा मोठी पदवी नाही.

आता फक्त एक रकाना उरला होता: 'मेंटेनर'. काही बिघडलं तर कुणाला धरायचं, त्याचं नाव. पुतण्याने आधी स्वतःचं घातलं, आणि रोह्याहून फोन सुरू झाले. प्रिंटरमध्ये कागद अडकला, मेंटेनर. वीज गेली, मेंटेनर. गिऱ्हाइकाला उजव्या सोंडेचा गणपती दिला आणि आता त्याची बायको सोवळं झेपणार नाही म्हणते, मेंटेनर. पुतण्याने रीतसर चेंजलॉगमध्ये नोंद केली आणि ते पद अण्णांना दिलं. अण्णांनी आधी नको नको म्हटलं आणि मग दुसऱ्याच दिवशी टेबल रिकामं केलं.

पावतीवर बाकी रक्कम लाल अक्षरांत यावी, अशी आक्काची पहिली मागणी आली. अण्णांनी फोनवर तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेखी द्या." जगभरचे मेंटेनर हेच म्हणतात, फक्त त्यांच्या आवाजात तीस वर्षांची नोकरी नसते. आक्काने लेखी दिलं. हट्टाने दोन प्रतींत दिलं, म्हणजे परत बोलायला जागा नको.

अण्णांनी दोन्ही प्रती नीट वाचल्या, तारीख तपासली आणि रोह्याला फोन लावला. "तिसरी कुठाय?"